घर आवडलंय, पण पहिली ऑफर किती द्यायची?

भाडेकरू_अजूनही

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि डोकं चालेनासं झालंय.

दीड वर्ष घरं बघतोय. बायको आणि मी दोघंही पार कंटाळलो होतो आणि आता एकदाचं मनासारखं घर सापडलंय. रिसेलचं आहे, मालक स्वतः तिथेच राहतात. खरे आकडे लिहीत नाही, हिशोबाला सोपं जावं म्हणून मागितलेली किंमत १०० धरू. आमची झेप सगळं मिळून, म्हणजे लोन, बचत, सगळं खरवडून, ९७ पर्यंत जाते. पण ९७ दिले तर घरात राहायला जाऊ आणि खुर्ची घ्यायला पैसे नसतील असा प्रकार आहे.

आता झालंय असं की शेजारचे काका म्हणतात सरळ ८० बोला, मालक वरून खाली येतोच. मोठा भाऊ म्हणतो आवडलंय ना मग घासाघीस करत बसू नका, दुसरा कोणी घेऊन जाईल. एजंट म्हणतो दुसरी एक पार्टी तयार आहे, रविवारपर्यंत सांगा, आणि ९८ च्या खाली बोललात तर मालक चिडतील. आणि कहर म्हणजे घर बघताना बायको मालकांच्या समोरच बोलून गेली की "अगदी अस्संच घर हवं होतं हो आम्हाला". तिला मी काही बोललो नाही, पण मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू मला अजून दिसतंय.

अजून दोन गोष्टी. घर चार महिन्यांपासून विकायला आहे आणि आधी १०६ मागत होते, मध्ये एकदा कमी केले. आणि मागच्या खोलीतल्या एका भिंतीला तेवढ्याच भागात नवा रंग आहे, बाकी खोली जुनीच.

तर पहिला आकडा किती बोलायचा? आणि तोंडी की लिहून?

बिनधास्त_गडी

भावा ८० बोल. फार तर फार काय होईल, नाही म्हणेल. जीव तर घेणार नाही. आणि बायकोला पुढच्या वेळी घरीच ठेव 😄

विकून_बसलेली

बिनधास्त_गडी, फार तर फार काय होतं ते मी सांगते, कारण मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. दोन वर्षांपूर्वी आमचं घर विकलं. पहिल्याच आठवड्यात एकाने फोनवर, घर न बघता, ७८ ची ऑफर दिली (आम्हीही १०० मागत होतो असं धरा). कारण काही नाही, नुसतं "एवढेच देतो बघा". मला इतका राग आला की त्याचा नंबर मी "७८ वाला" म्हणून सेव्ह केला. महिन्याभराने तोच माणूस ९२ वर आला होता. तेव्हा आम्हाला ९२ चालले असते खरंतर. पण मी फोनच उचलला नाही. शहाणपणा नव्हता तो माझा, मला कळतं, पण ज्या घरात पोरं रांगली त्या घराला कोणी भंगारासारखा भाव लावला की माणूस हिशोब करत नाही, राग धरतो.

आणि शेवटी आम्ही कोणाला दिलं? ज्याने सगळ्यात जास्त बोलले त्याला नाही. एक जण ९५ देत होता पण त्याला आधी स्वतःचं जुनं घर विकायचं होतं, मग आमचं घेणार. दुसरी एक जोडी ९३.५ वर थांबली होती पण त्यांचं लोन बँकेने आधीच तत्त्वतः मंजूर केलं होतं, पत्र दाखवलं, आणि त्या बाई म्हणाल्या तुमच्या नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत दोन महिने इथेच रहा, आम्हाला घाई नाही. आमचं नवं घर रखडलं होतं, मधल्या काळात सामान घेऊन कुठे जायचं ही माझी रात्रीची झोप उडवणारी काळजी होती. ती त्यांनी विचारून काढून घेतली, तेही कसं तर "तुम्ही इथून कुठे जाणार आहात?" एवढं साधं विचारलं. दीड टक्का सोडला मी त्या एका प्रश्नापायी.

त्यामुळे तुमच्या बायकोने घर आवडलं म्हटलं ते काही वाईट झालं नाही. मालकाला बरंच वाटलं असेल. फक्त आता तुम्ही मालक का विकतायत ते शोधा. चार महिने घर पडून आहे आणि किंमत एकदा उतरवलीय म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलंय.

आकडेमोड

वरचं सगळं बरोबर आहे पण मूळ प्रश्नातच एक खड्डा आहे तो आधी बुजवू. तुम्ही "१०० मधून किती कमी करू" असं विचारताय. ८०, ९०, ९८, सगळे आकडे १०० पासून मोजलेले. पण १०० हा आकडा आला कुठून? मालकाच्या मनातून. त्याआधी १०६ होता तोही मनातूनच आला होता. उद्या त्यांनी १२० लावले असते तर तुम्ही इथे येऊन "११० बोलू का" विचारलं असतं.

हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील नावाच्या दोन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, अमेरिकेतल्या ट्यूसन शहरातला. खरंखुरं घर दाखवलं, माहितीची जाडजूड फाइल हातात दिली, फक्त मागितलेली किंमत वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना जास्त सांगितली त्यांनी घराची किंमत जास्त काढली, ज्यांना कमी त्यांनी कमी. आणि यात कॉलेजची पोरं होती तसे तिथले मुरलेले प्रॉपर्टी एजंटही होते, दोघंही त्याच खुंटीला अडकले. गंमत म्हणजे बहुतेक एजंट म्हणाले की छे छे, आम्ही त्या किमतीवरून नाही ठरवलं.

तर १०० विसरा. तीन आकडे स्वतःचे काढा. पहिला, मागच्या सहा महिन्यांत तसल्याच घरांचे प्रत्यक्ष सौदे कितीला झाले. जाहिरातीत किती मागितले ते नाही, कागदावर कितीला विकलं ते. मोठं-छोटं असेल तर क्षेत्रफळाने भागून बघा, मजला, उजेड, वय, पार्किंग याचा थोडा फरक धरा. दोन नाही, निदान तीन तरी सौदे घ्या, कारण एखादा सौदा भावाभावातला किंवा अडचणीतला असतो. दुसरा आकडा म्हणजे घर जसं आहे तसं राहण्यालायक करायला लागणारा खर्च. तिसरा आकडा, ज्याच्या पुढे तुम्ही उठून यायचं. हा तिसरा आजच, मालकाशी बोलायच्या आधी, कागदावर लिहा आणि बायकोची सही घ्या त्यावर 🙂 कारण शेवटच्या दिवशी "अजून फक्त १ तर वाढवायचाय" हे वाक्य घरातूनच येतं, बाहेरून नाही.

आणि ९७ ही तुमची झेप आहे, घराची किंमत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. बँक सुद्धा स्वतःचं व्हॅल्युएशन करते आणि साधारणपणे सौद्याची किंमत आणि त्यांचं व्हॅल्युएशन यातल्या कमी आकड्यावर लोन देते. तुम्ही भावनेच्या भरात जास्त दिले तर वरचा फरक खिशातून जातो.

माजी_दलाल

बारा वर्षं हाच धंदा केला, आता सोडला, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

एजंटवर रागावू नका पण त्याचं गणित समजून घ्या. समजा त्याला २ टक्के मिळतात. सौदा ९५ ऐवजी ९२ ला झाला तर त्याचे १.९० चे १.८४ होतात. तुमचे ३ वाचले, त्याचे गेले ०.०६. म्हणजे तुम्हाला ३ वाचवण्यासाठी किंवा मालकाला ३ मिळवून देण्यासाठी त्याने महिनाभर चपला का झिजवाव्यात? त्याला सौदा व्हायला हवा, आणि लवकर व्हायला हवा, बस. शिकागोच्या आसपासच्या जवळपास एक लाख घरांच्या विक्रीवर लेव्हिट आणि सायव्हरसन यांचा २००८ चा अभ्यास आहे, त्यात निघालं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत घेतात. आमच्या धंद्यात हे कोणी नाकारत नाही, फक्त गिऱ्हाइकासमोर बोलत नाही.

म्हणून एजंटला तुमचा ९७ चा आकडा सांगितलाय का? सांगितला असेल तर समजा मालकालाही कळलाय. नसेल तर आता कोणी विचारलं तरी "बँक काय म्हणते त्यावर आहे" एवढंच.

दुसरी पार्टी. कधी खरी असते, कधी नसते, मी स्वतः कितीदा न केलेल्या फोनची पार्टी उभी केलीय हे सांगायला लाज वाटते. ओळखायचं कसं तर विचारा की त्यांची ऑफर लेखी आली आहे का, आणि लेखी आली असेल तर मालक अजून तुमच्याशी का बोलतायत. मग गप्प बसा. चार महिने न विकलेल्या घराला बरोबर तुमच्याच आठवड्यात दुसरी पार्टी भेटणं, होतं असं, पण कमी. आणि समजा खरंच असली तर चढाओढीत पडू नका. एकाच वस्तूवर बरेच जण बोली लावतात तेव्हा ती मिळते कोणाला, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलाय त्याला.

आता घासाघीस कशी. पहिली ऑफर लेखी, कारणासकट. मग थांबायचं. समोरून आकडा आल्याशिवाय स्वतःच वाढवायचं नाही. ही चूक मी रोज बघायचो, माणूस ८८ बोलतो, दोन दिवस फोन येत नाही, जीव वरखाली होतो आणि स्वतःच फोन करून "बरं ९१ देतो". म्हणजे स्वतःशीच घासाघीस केली आणि स्वतःच हरला. दुसरं, पायऱ्या छोट्या छोट्या होत गेल्या पाहिजेत. आधी अडीचने वाढलात तर पुढे सव्वाने, मग अर्ध्याने. समोरच्याला न सांगता कळतं की आता तळ जवळ आलाय. दर वेळी २ ने वाढवत गेलात तर त्याला वाटतं विहिरीला पाणी आहे अजून, मारू अजून एक बादली. तिसरं, गोल आकडा टाळा. ९० म्हटलं की हवेतून काढल्यासारखं वाटतं, ८९.४ म्हटलं की हा काहीतरी हिशोब करून आलाय असं वाटतं. पण मग हिशोब खरोखर असावा, मालकाने विचारलं तर दाखवता आला पाहिजे.

आणि "मधोमध करून टाकू" हे वाक्य शेवटी कोणीतरी बोलतंच. त्यामुळे पहिला आकडा ठरवताना मधोमध कुठे येतंय ते आधी बघून ठेवा.

भाडेकरू_अजूनही

बापरे एवढं सगळं! धन्यवाद मंडळी. एजंटला ९७ सांगितलेला नाही, पण "९५ च्या आसपास जमेल" असं पहिल्याच दिवशी बोललो होतो 🤦 आता गेलेल्या बाणाला काय करणार.

तीन सौदे मिळाले, त्यातले दोन एका ओळखीच्या वकिलांकडून आणि एक त्याच भागात घर घेतलेल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचाच. क्षेत्रफळाने वगैरे जुळवून घेतल्यावर ९१, ९३ आणि ९५ असे येतायत. ९५ वाल्याचं स्वयंपाकघर नवीन केलेलं होतं. म्हणजे घर ९३ च्या आसपासचं आहे असं धरतोय. बायकोशी बसून वरची हद्द ९५ लिहिली. ती ९६ म्हणत होती.

आता त्या रंगवलेल्या भिंतीचं काय करू? मालक म्हणाले लहान पोरांनी चित्रं काढली होती म्हणून रंग दिला. पोरं आता कॉलेजात आहेत.

भिंतवाचक

चित्रं छताजवळ काढली होती का पोरांनी 😀

मी दुरुस्तीची कामं करतो. नवा रंग ओलावा लपवायला दिला असेल असं आत्ताच म्हणत नाही पण बघायलाच हवं. आधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा. बाथरूम असेल तर नळाची किंवा फरशीच्या सांध्यांची गळती. वर गच्ची असेल तर डाग वरून खाली उतरलेला असतो. जमिनीतून चढणारा ओलावा असेल तर तो खालून सुरू होतो आणि सहसा मीटरभराच्या आसपास थांबतो, तिथे आडवी रेघ दिसते. बोटाच्या पेराने गिलावा ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आतून सुटलाय. हात लावून शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागतेय का, रंगावर पांढरी पावडर, म्हणजे खार, फुटतोय का. आणि जमलं तर एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, पाऊस खोटं बोलत नाही.

नुसता रंग गेलेला असेल तर खर्च किरकोळ. पण वरचं वॉटरप्रूफिंग किंवा आतले पाइप काढायचे असतील तर फरशी फोडावी लागते आणि आकडा एकदम उडी मारतो. म्हणून अंदाजाने बोलू नका. दोन वेगवेगळ्या ठेकेदारांकडून लेखी एस्टिमेट घ्या आणि तोच कागद ऑफरला जोडा. मालकाला "तुमची भिंत खराब आहे" म्हणायचंच नाही, कागद बोलेल.

आणि एक, मालक म्हणतील आम्हीच दुरुस्त करून देतो. नको म्हणा. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातलं स्वस्त काम करून घेतो, त्याच्या जागी मीही तेच करेन. किमतीतून कमी करून घ्या आणि काम स्वतःच्या देखरेखीत करा.

बिनधास्त_गडी

म्हणजे ८० नाहीच का 😅

विकून_बसलेली

बोला तुम्ही ८०, तुमचाही नंबर सेव्ह होईल.

भाडेकरू, मालक का विकतायत ते कळलं का?

आकडेमोड

आणि जमलं तर त्यांनी स्वतः ते घर कधी आणि कितीला घेतलं होतं तेही काढा. बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटच्या विक्रीवर एक अभ्यास २००१ मध्ये छापून आला होता, त्यात दिसलं की ज्यांना विकून तोटा होणार होता त्यांनी किमती चढ्या लावल्या आणि त्यांची घरं जास्त दिवस विकली गेली नाहीत. बाजाराला तुमच्या खरेदीच्या किमतीशी घेणंदेणं नसतं, पण मालकाला असतं. मालक महाग भावात घेऊन अडकलेला असेल तर कितीही पुरावे द्या, तो त्या आकड्याखाली उतरताना हात थरथरतो. आणि जुनी, स्वस्तातली खरेदी असेल तर तो तसा निवांत उतरतो, फक्त मान ठेवून बोलायला लागतं.

भाडेकरू_अजूनही

मंडळी, अकरा दिवसांनी येतोय, सगळं सांगतो.

मालक का विकतायत ते बायकोने काढलं. मी एजंटला तीनदा विचारलं, काही सांगेना. ती परत एकदा घर बघायला म्हणून गेली, मालकीणबाईंशी अर्धा तास बोलली आणि बाहेर आली ती सगळी कुंडली घेऊनच. मुलगी दुसऱ्या शहरात आहे, तिच्याजवळ जायचंय, तिथलं घर बघून ठेवलंय आणि त्याचा दुसरा हप्ता सात आठवड्यांनी भरायचाय. घर घेतलं होतं फार जुन्या भावात, त्यामुळे तोटा वगैरे काही नाही. म्हणजे बायकोला घरी ठेवायला सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

भिंतीच्या पलीकडे बाथरूम निघालं. दोन एस्टिमेट आली, एक १.४ आणि एक २.१.

मग ऑफर लिहिली. ८९. सोबत तीन सौदे (नावं न लिहिता), दोन्ही एस्टिमेट, बँकेचं पत्र, आणि एक ओळ की पैसे सहा आठवड्यांत पूर्ण देऊ शकतो. ८९.४ लिहिणार होतो पण बायको म्हणाली दुकानातल्या पाटीसारखं वाटतंय. एजंट कागद बघून म्हणाला मालक चिडतील. मालक चिडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी ९८ सांगितले. आम्ही ९१.५. ते ९६. मग आम्ही ९२.५ म्हटलं आणि तिकडून काहीच नाही. चार दिवस. ते चार दिवस काय सांगू, मी फोन उशाशी घेऊन झोपत होतो, दोनदा नंबर लावून कट केला, माजी_दलालांचं स्वतःशीच घासाघीस वालं वाक्य आठवून. तिसऱ्या दिवशी एजंटचा मेसेज, दुसरी पार्टी ९५ देतेय. मी विचारलं लेखी आहे का. त्यावर त्याने अंगठा पाठवला 👍. याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

पाचव्या दिवशी मालकांचा स्वतःचा फोन. म्हणाले तुमच्या मंडळींना घर आवडलंय, आमचीही इच्छा आहे तुम्हालाच द्यावं, पण ९२.५ नाही जमणार, मधोमध करून टाका ना. मी म्हटलं कशाच्या मधोमध? ते म्हणाले तुमचे ८९ आणि माझे ९८. मी तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि अंगावर काटा आला. ९३.५. खरंतर तोवर ते ९६ वर आलेले होते आणि आम्ही ९२.५ वर, त्याचं मधोमध ९४.२५ होतं, पण ते पहिल्या आकड्यांवरून बोलत होते आणि मी काही त्यांची चूक दुरुस्त करायला गेलो नाही. तरी लगेच हो नाही म्हटलं, दोन तासांनी फोन करतो म्हटलं, आणि मग कपाटं आणि गीझर तसंच ठेवायचं आणि घर रिकामं करायला त्यांना चार आठवडे जास्तीचे, असं ठरवून ९३.५ ला होकार दिला.

रात्री मात्र बायको म्हणाली, ते इतक्या पटकन हो म्हणाले म्हणजे आपण ९२.५ वरच अडून बसायला हवं होतं का? आणि आता मलाही तेच वाटतंय.

विकून_बसलेली

हे प्रत्येकाला वाटतं. आणि तिकडे मालकीणबाई आत्ता नवऱ्याला म्हणत असतील, ९४ म्हणायला काय झालं होतं तुम्हाला. अभिनंदन!

माजी_दलाल

अंगठा म्हणजे पार्टी नव्हती. अभिनंदन.

भाडेकरू_अजूनही

धन्यवाद सगळ्यांना! अजून एक छोटासा प्रश्न. एजंट म्हणतोय बयाणा आजच संध्याकाळी देऊन टाका म्हणजे मालकांचं मन बदलणार नाही, कागदपत्रं आठवड्याभरात बघू. द्यायचा का?

माजी_दलाल

नाही!! आधी वकिलाला मालकीचे कागद दाखवा, घरावर कोणाचं कर्ज किंवा बोजा आहे का बघा, आणि मग लोन नाही झालं किंवा कागदात खोट निघाली तर बयाणा परत, असं लिहून घेऊनच पैसे द्या. आणि रोख नाही, बँकेतून.

भिंतवाचक

आणि जायच्या आधी ते बाथरूम अर्धा तास नळ सोडून ठेवून बघा.